एका परिच्छेदात एकच गोष्ट

टण् करून एक दाणा परातीच्या काठावर आपटला आणि झोळीत निजलेला माझा ध्रुव चुळबुळला. मी, आत्तींनी आणि कावेरीनं हात थांबवले. बाहेर धुकं इतकं दाट होतं की अंगणातला नळ दिसत नव्हता. पोरगं पुन्हा निवांत झालं, तसे आम्ही पाण्यात हात घातले.

भिजून फुगलेला पावट्याचा दाणा अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरायचा, हलकं दाबायचं, की आतली डाळ सालीतून निसटून पुढं जाते. ती परातीत पडली पाहिजे. निपाणीहून लग्न होऊन मी इकडं आले त्याला किती थंड्या झाल्या, तरी हंगामाच्या सुरुवातीला माझे दाणे उडतातच. आत्ती, म्हणजे माझी सासू गंगव्वा, त्यावर काही बोलत नाहीत. उडालेला दाणा शोधून आणतात, धुतात आणि परातीत टाकतात. ते बोलण्यापेक्षा जड जातं.

आनेकलच्या बाजूला थंडीत या पावट्याचंच राज्य. इथं त्याला अवरेकाई म्हणतात. धुक्यात पोसलेल्या शेंगांना तेलकट वास येतो, आणि तो हाताला लागला की हंगाम संपेपर्यंत सुटत नाही. भाकरीला येतो, पोराच्या दुपट्याला येतो. शहरातल्या लोकांना सोललेली डाळ लागते. हयवदन अण्णा सकाळी टेम्पोतून पोती टाकून जातात आणि दिवस मावळायला डाळ घेऊन जातात. यंदा थंडी उशिरा आली. आधी शेंगाच भरेनात, आणि भरल्या त्या सगळ्या रानांत एकदम. ओसरीवर पोत्यावर पोतं चढलं. गल्लीतली कुठलीच बाई रिकामी राहिली नाही, तरी अण्णा म्हणायचे, "अक्का, स्वल्प जास्त होईल काय बघा."

आमच्या घरात हातांच्या जोड्या तीनच. माझे, आत्तींचे आणि कावेरीचे.

कावेरी माझ्या थोरल्या दिरांची, पद्मनाभ भावोजींची मुलगी. पाचवीत आहे. भावोजी गेले त्या वर्षी तिला दुसरीत घातलं होतं. त्यानंतर तिची आई, श्यामलाअक्का, शहरात सर्जापूर रोडला एका फ्लॅटमध्ये कामाला राहिली. पुण्याचं जोडपं, दोघंही कंपनीत. त्यांना त्यांच्या शौर्यला सांभाळायला मराठी बोलणारीच बाई पाहिजे होती, पोराच्या कानावर मराठी पडावी म्हणून. इकडं मराठी बाई मिळणं अवघड. आमची मराठी म्हणजे निम्मी कन्नड, पण सुखदाबाईंना ती चालली. अक्काला तिथंच राहावं लागतं. महिन्यात एखादा रविवार मिळतो, कधी तोही नाही.

गावची शाळा पाचवीला संपते. पुढं दोन वाटा होत्या. एक, सरकारी वसतिशाळेची परीक्षा द्यायची. नंबर लागला तर राहणं, जेवण, पुस्तकं सगळं तिथं. दुसरी सुखदाबाईंनी सुचवली होती. त्यांचं म्हणणं, कावेरीला इकडंच पाठवून द्या, शौर्यशी खेळेल, आईजवळ राहील, शाळेचं आपण बघू. बाई वाईट नाहीत. पण खेळेल म्हणजे काय करेल हे अक्काला माहीत होतं, मला माहीत होतं. अक्कानं फोनवर मला हळूच सांगितलं होतं, "आसा, तिला इथं नको. काही करून परीक्षेत पास कर."

गणितात कावेरी पक्की. तिच्या बाईंनी सांगितलं होतं की नंबर जातो तो लिहिण्यात. एक विषय देतात, त्यावर एक परिच्छेद लिहायचा असतो, आणि पोरं तिथं गडगडतात.

मी निपाणीला डी.एड. केलेलं, मराठीतून. इथल्या शाळा कन्नड, त्यामुळं ते शिक्षण ट्रंकेतच राहिलं. कन्नड मी बोलते ठीक, वाचताना मात्र बोट ठेवून अक्षर अक्षर लावते. पण परिच्छेद कसा बांधायचा हे काही कन्नड-मराठीवर अवलंबून नसतं. म्हणून मी कावेरीला म्हटलं, आपण आधी तोंडानंच बांधू. घरच्या भाषेत. हात पाण्यात राहू देत. संध्याकाळी हात कोरडे झाले की तू कन्नडमध्ये उतरवून काढ आणि मला वाचून दाखव. नाहीतरी पावट्याच्या हातानं कागद धरला तर डाग जात नाही.

त्या पहाटे आमचा पहिला धडा झाला. विषय मीच दिला, आमचं गाव.

कावेरीनं एक दाणा सोलला, दुसरा सोलला आणि सुरू केलं. आमच्या गावात मारम्माचं देऊळ आहे. देवळापुढं चिंच आहे. चिंचेखाली बस थांबते. बसमधून आई येते. आई सर्जापूर रोडला असते. तिथं लिफ्ट आहे. लिफ्टमध्ये आरसा आहे. शौर्य आरशाला चाटतो.

आत्ती हसल्या. मलाही हसू आलं, पण मी विचारलं, "मग गाव कुठं गेलं?"

कावेरी विचारात पडली. "बसमधनं गेलं," म्हणाली.

मी तिला सांगितलं की परिच्छेदात एकच गोष्ट सांगायची. पहिल्या वाक्यात ती काय आहे ते सांगून टाकायचं, म्हणजे ऐकणारा नीट मांडी घालून बसतो. पुढचं प्रत्येक वाक्य त्या पहिल्याचंच काहीतरी सांगणारं पाहिजे. कसं आहे, का आहे. मग एखादी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट. आणि शेवटी एक वाक्य, ज्यात नवीन काही आणायचं नाही, आहे तेच हातात घेऊन उठायचं.

"आणि आई?" तिनं विचारलं.

"विषय गाव आहे ना. मग आई बाहेर."

तिनं मान हलवली. पण दुसऱ्या दिवशी गाईवर सांगायला बसली तर गाय दूध देते, दूध शौर्यला आवडत नाही, आई त्यात काहीतरी पूड घालते, असं झालं. उगादीवर सांगितलं तर कडुनिंब-गुळापासून निघून आईला त्या दिवशी सुट्टी नसते इथं पोचली. पावसावर बोलली तर आईच्या बाल्कनीत पाऊस कसा येतो ते आलं. कुठूनही निघाली तरी मधल्या वाक्यावर तिचा पाय घसरायचा आणि ती सर्जापूर रोडला जाऊन पडायची. मी रागावत नसे. नुसती तिच्याकडं बघायची. ती ओठ चावून मागं यायची आणि जिथून सुटली त्या वाक्यापासून पुन्हा धरायची.

या सगळ्यात आमचे हात मंदावत होते हे आत्तींच्या ध्यानात आलं होतं. त्या बोलल्या नाहीत. बोलले हयवदन अण्णा. एका सकाळी टेम्पो दारात लावून त्यांनी आदल्या दिवशीचा आमचा टब परत आणला. अंगणातल्या फरशीवर ओला पंचा पसरला आणि टब त्यावर उपडा केला. पांढऱ्या डाळीत सालीसकट दाणे राहिले होते, जागोजाग, हिरवे. समोरच्या ओट्यावरच्या बायका उठून बघायला आल्या.

"शाळा चालवायची तर चालवा, अक्का," अण्णा आत्तींना म्हणाले, "पण मग डाळ दुसऱ्यांना देतो मी."

आत्ती या गल्लीत सून म्हणून आल्या तेव्हापासून पावटा सोलताहेत. त्यांचा टब कधी परत आला नव्हता. त्यांनी पंच्याची चार टोकं धरली, डाळ उचलून आत आणली आणि दिवसभर एकेक दाणा निवडत बसल्या. मी हात लावायला गेले तर हात बाजूला सारला. कावेरी शाळेतून आली तेव्हाही त्या निवडतच होत्या. तिनं दप्तर टेकवलं आणि शेजारी बसली.

रात्री जेवताना आत्तींनी एवढंच सांगितलं की परातीपाशी धडे नकोत. ध्रुवचे बाबा, रविकिरण, फॅक्टरीतून येऊन नुकते बसले होते. ते मधे काही बोलायला गेले, मी मान हलवून त्यांना थांबवलं. आत्तींचं चूक नव्हतं. माझंही नव्हतं. परीक्षा जवळ आली होती एवढंच.

दुसऱ्या पहाटे परातीभोवती आम्ही तिघी मुकाट बसलो. पाण्यात बोटं बधिर होत होती. अंगठ्याच्या नखाखाली चीर पडली होती, तिथं झोंबत होतं. मग आत्ती घसा खाकरून कावेरीला म्हणाल्या, "ते विहिरीवरचं तुझं सांगणं कुठवर आलं होतं गं?"

कावेरीनं माझ्याकडं बघितलं.

"तिच्याकडं काय बघतीस. मला सांग. हात चालू ठेव. तुझ्या बोलण्यावर मी चार दाणे जास्त सोलीन."

आणि खरंच, तेव्हापासून आत्तीच ऐकणाऱ्या झाल्या. कडक ऐकणाऱ्या. वाक्य विहिरीवरून भरकटलं की त्या दाणा तसाच धरून ठेवायच्या, सोलायच्या नाहीत. कावेरीला ते माझ्या बघण्यापेक्षा जास्त कळायचं. शेवटचं वाक्य लांबलं तर म्हणायच्या, उठू दे बाई मला आता, चूल पेटवायची आहे. कावेरी हसायची, आणि वाक्य तिथं तोडायची. आम्ही परातीची जागा दाराजवळ नेली, उजेडात, म्हणजे साल राहिली तर दिसावी. टब पुन्हा परत आला नाही.

हळूहळू पोरीचे परिच्छेद उभे राहायला लागले. विहिरीचा झाला, तो ऐकताना मला खरोखर गारवा लागला. चिंचेचा झाला. संध्याकाळी ती कन्नडमध्ये लिहून काढायची. मी ध्रुवला पाजत पाजत ऐकायची. शब्द सगळे कळायचे नाहीत, पण एक वाक्य दुसऱ्याचा हात धरतंय की नाही ते कळायचं. एका संध्याकाळी ध्यानात आलं की आठवडाभर तिच्या कुठल्याच परिच्छेदात अक्का आली नव्हती. मी तिला शाबासकी दिली. तिच्या आवडीचा गूळ घातलेला तांबिट्टाचा, भाजलेल्या पिठाचा लाडू केला. खाताना तिनं निम्मा बाजूला काढून डब्यात ठेवला. कुणाला ते विचारायची गरज नव्हती. रविवारी श्यामलाअक्का येणार होती.

अक्का आली ती आल्या आल्या परातीपाशीच बसली. आत्ती नको म्हणत होत्या. तिचे हात बघून मला कसंतरी झालं. मऊ झाले होते, पांढरे. पहिल्या परातीलाच बोटांवर लाल चट्टे उठले. ती म्हणाली, सवय मोडली बघ, तिथं दिवसातून दहा वेळा साबणानं हात धुवायला लागतात, पोराला धरायचं तर. मग तिनं कावेरीची वेणी सोडली आणि पुन्हा घातली. घट्ट झाली, कावेरीचे डोळे ताणले गेले, पण ती हलली नाही.

निघायच्या आधी कावेरीनं तिला परिच्छेद वाचून दाखवला. विषय, आमचं घर. घराला दोन दारं आहेत, एक ऊन येतं ते आणि एक वारा येतो ते. ओसरीवर पावटा असतो, माजघरात झोळी असते. अज्जी चुलीपाशी असते, काकी दाराशी. संध्याकाळी काका आले की घर भरतं. आमचं घर लहान आहे, पण त्यात रिकामी जागा नाही.

आत्तींनी मान डोलावली. अक्का हसत म्हणाली, "यात मी कुठं नाही होय?"

"विषय तो नव्हता, आई," कावेरी शांतपणे म्हणाली. "दुसरं काही आणलं की परिच्छेद मोडतो."

"बरोबर आहे," अक्का म्हणाली. "काकीनं चांगलं शिकवलंय." आणि पुन्हा हसली, जरा जास्तच वेळ. मला वाटलं आत्ती काहीतरी बोलून विषय बदलतील, पण त्यांनी फक्त पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला. बसपर्यंत पोचवायला मी गेले. चिंचेखाली उभं राहून अक्कानं मला सांगितलं की परीक्षेच्या रविवारी ती येणार, सुखदाबाईंना आधीच सांगून ठेवलंय, कावेरीला शाळेत तीच घेऊन जाणार. तेवढं सोड माझ्याकडं, म्हणाली. परत येताना मी वाटेत मुद्दाम हळू चालले.

परीक्षेच्या सकाळी धुकं होतं. कावेरीनं आंघोळ करून गणवेश घातला, दोन पेनं, पट्टी, फोटो चिकटवलेला कागद पिशवीत ठेवला आणि ओसरीच्या पायरीवर जाऊन बसली. पहिली बस आली, गेली. मग माझा फोन वाजला. अक्का इतकं हळू बोलत होती की मला फोन कानाला दाबून ऐकावं लागलं. शौर्यला रात्रभर ताप होता. बाई गावाला गेल्या होत्या कामासाठी, साहेब एकटे घाबरले होते. पोर अंगावरून उतरत नव्हतं. ती रडत नव्हती, पण प्रत्येक वाक्यानंतर थांबत होती, म्हणजे मी काहीतरी बोलावं. मी म्हटलं, काळजी करू नको, मी आहे.

कावेरीला सांगितलं तेव्हा ती "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाली. मग विचारलं, त्याला ताप किती आहे.

आत्तींनी मला परातीपासून उठवलं. माझ्या वाटणीचं पोतं त्यांनी स्वतःच्या बाजूला ओढलं. ध्रुव अंगावर पितो, त्याला ठेवून जाता येईना. त्याला कडेवर घेतलं, कावेरीचा हात धरला आणि आम्ही दुसऱ्या बसनं आनेकलला गेलो.

शाळेच्या फाटकाबाहेर आईबापांची गर्दी होती. कुणी पोराच्या कपाळाला अंगारा लावत होतं, कुणी केळं भरवत होतं. मी कावेरीची कॉलर सरळ केली. तिनं माझे हात धरले आणि वास घेतला, लहानपणी घ्यायची तसा, आणि आत गेली. मी समोरच्या कंपाउंडच्या भिंतीला टेकून बसले. ऊन वर आलं, धुकं विरलं. ध्रुवनं दोनदा कपडे ओले केले. शेजारी रागीचं रान होतं त्यावर आता प्लॉटच्या खुणा केलेल्या होत्या, पांढऱ्या दगडांच्या. ध्रुव त्या दगडांकडं बोट करून काही ना काही बोलत राहिला. मी त्याला हो म्हणत होते. मनात मात्र एकेक विषय घेऊन बघत होते. विहीर आली तर येईल. झाड आलं तर येईल. सण आला तर उगादी आहे.

घंटा झाली. पोरं बाहेर आली. कावेरी शेवटच्या घोळक्यात होती, चालत होती, पळत नव्हती. मी विचारलं, गणित? बरं गेलं म्हणाली. सगळी आली. मग मी विचारलं, परिच्छेद कशावर होता?

"माझी आई," ती म्हणाली.

आम्ही चालायला लागलो होतो. मी थांबले नाही, थांबले असते तर तीही थांबली असती. रस्ता ओलांडला. उसाच्या गाड्याजवळ सावलीत उभ्या राहिलो. मी म्हटलं, सांग, कसा बांधलास?

तिनं हात मागं घेतले, परातीपाशी सांगायची तसंच एका लयीत सांगितलं. कन्नडमध्ये लिहिलेलं घरच्या भाषेत करून.

"माझी आई माझं बोलणं पूर्ण ऐकते. मी बोलताना ती मधे बोलत नाही. माझं चुकलं तरी रागावत नाही, नुसती माझ्याकडं बघते, मग मला चूक सापडते. परवा मला ठेच लागली, तेव्हा तिनं गरम हळद आधी आपल्या मनगटावर लावून बघितली आणि मग माझ्या बोटाला लावली. बाळ रडत होतं तरी तिनं आधी माझं बोट बांधलं. म्हणून मला आईला सगळं सांगता येतं."

एकही वाक्य भरकटलं नव्हतं. पहिलं पहिल्याच्या जागी होतं, शेवटचं शेवटच्या.

ठेच परवाचीच होती. माझ्या मनगटावर हळदीचा पिवळा डाग अजून होता.

"आईवर करायला गेले," कावेरी रस्त्याकडं बघत म्हणाली, "पण पहिलं वाक्य झालं की पुढची येईनात. काय काय करते ते सगळं शौर्यसाठीच करते ना ती. मग वेळ संपत आला. मग ही आली. भराभरा आली." तिनं चप्पलेनं माती उकरली. "पास होईन काय गं मी?"

"होशील," मी म्हटलं. तेवढं मला सांगता आलं.

ध्रुवनं माझ्या गळ्यातली पोत ओढली. पिशवीत फोन वाजायला लागला. माझे दोन्ही हात अडकलेले, म्हणून कावेरीनंच काढला. श्यामलाअक्का. गाड्यांच्या आवाजात ऐकू यावं म्हणून तिनं स्पीकर लावला. अक्काचा आवाज थकलेला होता पण आतून उजळ; शौर्यचा ताप उतरला होता, तो निजला होता, ती बाल्कनीत येऊन बोलत होती. पेपर कसा गेला, पेन चाललं का, उपाशी आहेस का, सगळं एका दमात विचारलं. कावेरी एकेकाचं उत्तर देत गेली. मग अक्कानं विचारलं, लिहायला काय आलं होतं.

"माझी आई," कावेरी म्हणाली.

एक बस आमच्या समोरून गेली. मग अक्काचा आवाज आला, अगदी लहान झालेला, लाजल्यासारखा.

"होय? मग काय काय लिहिलंस गं माझ्याबद्दल?"

कावेरीनं फोनवर तळवा घट्ट दाबून धरला आणि माझ्याकडं मान वर करून बघितलं.

"काकी," ती हळू आवाजात म्हणाली, "काय सांगू?"